दात न आलेली मुलं

बायबलच्या काळातली गावं उकरणं हा माझा धंदा. पालेगावात लोक विचारत, "म्हणजे तू ख्रिश्चन झालीस का?" काकी तर म्हणायची, पोरगी हाडं गोळा करायला विमानानं जाते, आपल्याकडं काय मेलेल्यांचा दुष्काळ पडलाय? मी हसायचे. आता हसू येत नाही.

त्या वर्षी मृत समुद्रापलीकडच्या एका टेकडीवर आम्हाला घराच्या जमिनीखाली रांजण सापडला. आत तान्हं मूल, गुडघे पोटाशी घेतलेलं. तिथले लोक तेव्हा तान्ही मुलं अशी घरातच पुरत. आमच्यातही दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. माझ्या आधीचा भाऊ आठ दिवसांचा होऊन गेला. तो आमच्या शेताच्या बांधाला आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

रांजण निघाला त्याच दिवशी आईचा फोन आला. काकांनी शेत बिल्डरला दिलं होतं, भोवती पत्रेही ठोकून झाले होते.

"तू ये, नि त्याला काढ," ती म्हणाली. "तुला येतां ना ता काम."

मी म्हटलं, महिनाभर थांब, इतक्यात काही खोदत नाहीत ते. खरं कारण वेगळं होतं. रांजणातलं मूल मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. चार दिवस कुंचल्यानं मी ते मोकळं केलं, एकेक बरगडी जपून, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

घरी आले तेव्हा बांधाच्या जागी दोन पुरुष खोल खड्डा होता. माती डंपरनं वांगणीकडं कुठंतरी भरावाला गेली होती. आई ओट्यावर बसून राहिली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, आपल्याकडच्या पावसापाण्यात तान्ह्या मुलाची हाडं टिकत नाहीत, त्यात पुरताना मीठ घालतात. मी वेळेवर आले असते तरी काही हाती लागलं नसतं.

"माहीत हाय," आई म्हणाली. "मीठ मीच बांधून दिलेला. हाडां कोनाला पायजे व्हती गो? मूठभर माती पायजे व्हती. वॉचमन मला आत सोडीत नव्हता. तुला सोडला असता."