शिवांशची थंड प्लीहा

“मॅडम, ह्याची प्लीहा थंड पडलीय,” रामेश्वर म्हणाला आणि मोबाईलवर मुलाच्या जिभेचा फोटो माझ्यासमोर धरला.

मूल आईच्या मांडीवर बसलं होतं. जीभही अर्थात तिथेच होती. तरी फोटो.

नवीन जालन्यात मी बावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. पोरांची पोटं कशाकशाने बिघडतात हे मला लोकांनी भरपूर शिकवलंय. दृष्ट, शेजारीण, अमावास्या. थंड प्लीहा मात्र पहिल्यांदाच ऐकली. रामेश्वर बियाणं कंपनीत फील्ड ऑफिसर. दिवसभर शेतकऱ्यांना बोंडअळी समजावून सांगतो. त्यामुळे आपल्याला डॉक्टरांनाही समजावता येतं, असा त्याचा समज. त्याच्या आठ महिन्यांच्या शिवांशला गॅस व्हायचा, शी घट्ट व्हायची. कारण चहात बुडवलेली बिस्किटं. ती बंद करा, असं मी आधीच्या खेपेला सांगितलं होतं.

“बिस्किट बंद, बस? औषध काहीच न्हाई?” तेव्हा तो म्हणाला होता. आणि नाराज होऊन जुन्या जालन्यात रेखाताईंकडे गेला.

कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रेखाताईंचं पार्लर होतं. ऑनलाइन कोर्स करून त्यांनी तिथेच लहान मुलांचा चिनी मसाज सुरू केला. त्या पद्धतीत प्लीहा म्हणजे पचनाची मुख्य साहेबीण. ती थंड पडली की जिभेचा रंग बदलतो, अन्न साचतं. मग बाळाच्या अंगठ्याची कड चोळायची, पोटावर गोल हात फिरवायचा.

“प्लीहा डाव्या बरगडीखाली असते,” मी म्हणाले. “ती रक्त गाळते. खिचडी पचवत नाही.”

“तुमच्या सायन्समधी न्हाई पचवत. चायनामधी पचवते.”

“मग चायनात घेऊन जा तिला.”

माझी रिसेप्शनिस्ट हसली. मला बरं वाटलं. शिवांशची आई मनीषा तेवढी हसली नाही. हळूच म्हणाली, “पण मॅडम, ताईंनी बिस्किटं बंद करायला लावली, तवापासून शी बराबर होऊन राह्यली.”

म्हणजे माझाच सल्ला. मी दिला तेव्हा तो कोरडा उपदेश होता. चीनमार्गे आल्यावर उपचार झाला.

दहा दिवसांनी, सकाळी साडेअकराला, ओपीडी तुडुंब असताना मनीषाचा फोन आला.

“मॅडम, शिवांश सकाळपासून रडून राह्यलाय. दोनदा उलटी झाली.”

“गॅस असेल. मेडिकलमधून गॅसचे थेंब आणून द्या. आणि तो मसाज आधी बंद करा.”

फोन मिनिटभरही चालला नाही. त्यातला निम्मा वेळ मी मसाजला नावं ठेवण्यात घालवला.

दीड तासाने नंबर न लावता दार उघडलं. पुढे गुलाबी एप्रन घातलेली बाई, एप्रनवर बांबू खाणारा पांडा, कडेवर शिवांश. मागे रामेश्वर आणि मनीषा. रेखाताईंना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझं लक्ष आधी पांडाकडे गेलं, बाळाकडे नंतर. हे सांगायला लाज वाटते.

“थेंबांनी थांबलं न्हाई म्हणून हे माझ्याकडं आले. मी मसाज केला न्हाई मॅडम,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “माझी दोन्ही पोरं गॅसची होती. गॅसचं रडणं मला कळतं. हे तसलं न्हाई. हे थांबून थांबून येऊन राह्यलंय.”

त्यांनी एक कार्ड पुढे केलं. वर जिभेचं चित्र, चार रंगांत. खाली पेनाने लिहिलेलं: १२.१०, १२.२४, १२.४०, १२.५३. प्रत्येक वेळेपुढे ‘पाय पोटाशी, पांढराफट्ट’. शेवटी एक ओळ: ‘मधल्या वेळात गळून पडतो.’

कार्ड मी बाजूला ठेवलं. बाळाला टेबलावर घेतलं. पोटाच्या उजव्या बाजूला लांबट गाठ हाताला लागली. लंगोटात रक्त मिसळलेली शेंबडी शी.

आतड्यात आतडं शिरलं होतं. शर्ट काढताना बाही आत दुमडते, तसं. आत अडकलेल्या भागाचं रक्त बंद होतं. वेळ गेला की तो भाग सडतो आणि मूल हातचं जातं. आणि यावर मी थेंब सांगितले होते.

लगेच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत तेच दिसलं. यात मुलाला खालून मिठाचं पाणी सोडतात आणि त्याच्या दाबाने शिरलेलं आतडं मागे ढकलतात. नाही सरकलं तर ऑपरेशन. रेडिओलॉजिस्टने पाणी सोडलं, सर्जन बाजूला तयार उभे. पहिल्यांदा काही हललं नाही. मी स्क्रीनकडे बघत होते आणि कानात माझाच आवाज येत होता, गॅस असेल. दुसऱ्यांदा पाणी अडलं, थांबलं, आणि एकदम पुढे गेलं. आतडं सुटलं होतं.

बाहेर रामेश्वर भिंतीला टेकून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो काही समजावत नव्हता.

“मॅडम, मसाजमुळं झालं का हे?”

हो म्हणायचा फार मोह झाला. सगळंच सोपं झालं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “मसाजमुळे नाही, बिस्किटांमुळेही नाही. हे कुणाच्याही बाळाला होऊ शकतं. फोनवर मी गॅस म्हणाले, ती माझी चूक. रेखाताईंनी आणलं म्हणून वेळेत सापडलं.”

मनीषा माझ्या बाजूने निघून आत शिवांशजवळ गेली.

शिवांश दोन दिवसांत घरी गेला. रामेश्वरने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं की चिनी पद्धतीने आजार ओळखला, मॅडमनी फक्त पाणी सोडलं. पाणीसुद्धा मी सोडलं नव्हतं, पण ते असो. रेखाताईंच्या जिन्यात आता रांग असते. त्या मला पेशंट पाठवतात, जिभेच्या चित्रासकट. अंगठा चोळून प्लीहा गरम होते यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण त्या बाळाजवळ पाऊण तास बसतात आणि मी चार मिनिटं, हा हिशोब मला कळतो.

रडणाऱ्या बाळाला फोनवर औषध सांगणं मी तेव्हापासून बंद केलं. म्हणते, घेऊन या. लोक चिडतात. “साध्या गॅससाठी एवढ्या लांब आणायचं का?” असं तोंडावर विचारतात.

बहुतेक वेळा तो गॅसच निघतो.