उघडताच कोरी होणारी फाइल

आज कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत एका मुलीचं बोट एंटरच्या बटणावर थांबलेलं दिसलं आणि मला माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा आठवली.

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत फाइल उघडताना आपला हेतू एका अक्षरात सांगावा लागतो. 'ए' म्हटलं तर आहे त्याच्या शेवटी भर पडते. 'डब्ल्यू' म्हटलं तर आतलं सगळं आधी पुसलं जातं, मग नवं लिहिता येतं. खरंच पुसू का, असं कोणी विचारत नाही.

सुनंदाने गावच्या विहिरींची पातळी वर्षभर मोजून एका फाइलीत भरली होती. दुसरी प्रत नव्हती. प्रकल्प दाखवायच्या दिवशी, शेवटची नोंद जोडताना तिने घाईत 'डब्ल्यू' लिहिलं. मी तिच्या मागेच उभा होतो. आदल्या दिवशी तिने फळ्यावरची माझी चूक दाखवली होती आणि वर्ग हसला होता.

"सर, चालवू?"

"चालव की. तुला तर सगळंच येतं."

वर्षभराच्या विहिरी एका क्षणात गेल्या. तिने फाइल पुन्हा उघडून पाहिली आणि ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला दिसलं होतं ना, सर?"

"बघायचं काम तुझं होतं," मी म्हणालो.

त्यानंतर ती वर्गात कधी बोलली नाही. फाइलीत काय आहे हे यंत्राला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं.

आज मी जवळजवळ ओरडलोच, "थांब! डब्ल्यू लिहिलंयस!"

मुलगी दचकली. मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "सर, ही फाइल नवीच आहे. आत काहीच नाही."