विमानाला लावलेला कौल

माझी आजी सवाष्ण म्हणून गेली. हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळभर कुंकू. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात इटलीत मेला, त्याला तेव्हा चाळीसेक वर्षं उलटली होती. तरी सवाष्ण. कारण तिनं ते मरण कधी मानलंच नाही. तार आली तेव्हा म्हणाली, "मला मढं दावा, मग कुकू पुसते." मढं कोण दाखवणार? ते तिकडंच कुठंतरी जळून गेलेलं.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला, सीना नदीच्या अलीकडं. कोरडं रान, चार महिने जोंधळा आणि बाकी आभाळाकडं बघणं. तिथं एकट्या बाईनं असा हट्ट धरायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सरकारी पेन्शन मिळत होती, पण त्यासाठी मयताची विधवा म्हणून अंगठा द्यावा लागायचा. तिनं दिला नाही. लोकांच्या रानात खुरपलं, दुष्काळी कामावर खडी फोडली. बारा वर्षं झाल्यावर भावकी उठली. माणूस परागंदा झाला तर बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत आहे. भावकीनं पानं आणली. आजीनं ती उचलून चुलीत घातली आणि त्यावर भाकरी भाजली. पुन्हा कुणी नाव काढलं नाही, पण संक्रांतीच्या वाणाला अर्ध्या आळीनं तिला बोलवायचं सोडलं ते कायमचं.

या सगळ्यात वाळला तो तिचा पोरगा. माझे वडील. मी त्यांना अण्णा म्हणायचे. आजोबा पलटणीत गेले तेव्हा ते पोटात होते. बाप पाहिला नाही, फोटो नाही, आवाज नाही. भाद्रपदात पितरांचं पान घरोघरी वाढतात, आमच्या घरी बापाच्या नावानं कधी वाढलं नाही. शाळेतली पोरं विचारायची, "तुझ्या बापाचं पान कधी रं?" अण्णा म्हणायचे, "माझा बाप येनार हाय." ऐंशी वर्षांचे झाले तरी हे सांगताना त्यांची हनुवटी हलायची.

आजी गेली तेव्हा मी दुसरीत होते. बायका म्हणाल्या, आता तरी कुंकू पुसा, वर जाऊन नवरा भेटायचाय तिला. अण्णा काठी घेऊन दारात उभे राहिले. "माझ्या आईच्या कपाळाला जो हात लावंल त्येचा हात जाग्यावर न्हाई ऱ्हानार." तसे ते गरीब गाय, पण त्या दिवशी गाव टरकलं. आजीची ओटी भरली, मळवट भरला, सगळं झालं. आणि तिथंच अण्णांनी स्वतःचे हात बांधून घेतले. आई सवाष्ण गेली म्हणजे बाप जिवंत. बाप जिवंत असताना त्याला पाणी कसं सोडणार?

म्हातारपणी मात्र त्यांना हे खायला लागलं. माझी आई गेल्यावर तर फारच. जेवता जेवता थांबायचे. "मी वर गेलो तर बापाला काय तोंड दावू? एक वंजळ पानी न्हाई दिलं मी त्येला." मी त्यांची एकुलती एक. मी म्हणायचे, अण्णा, जेवा.

माझा नवरा नगरचाच. शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथल्या सैन्यात शिरला. हे ऐकून अण्णांनी कपाळावर हात मारला होता. "एक गेला साहेबाच्या फौजंत, आता जावई बी?" पण जावई जीव लावणारा निघाला. आमची बदली जर्मनीत झाली तेव्हा अण्णांना आम्ही कागदोपत्री आश्रित दाखवून आमच्याकडं आणलं. त्यानंच कॉम्प्युटरवर शोधून काढलं की इटलीत त्या लढाईतल्या हिंदुस्थानी सैनिकांची नावं एका भिंतीवर कोरलेली आहेत. आजोबांचं नाव होतं. नोंदीत गाव जुळलं, तालुका जुळला, आजीचं नावसुद्धा जुळलं. अण्णांना सांगितलं. त्यांनी ते नाव मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मला न्या. पानी देतो."

आता जर्मनीहून इटली म्हणजे काय, गाडीत बसलं तर दीड दिवसाचं काम. पण नवऱ्याच्या तोंडून लष्कराच्या मालवाहू विमानांचा विषय निघाला आणि सगळं तिथंच फिरलं. या विमानांत माल भरून जागा उरली तर सैनिक आणि त्यांच्या घरचे फुकट बसू शकतात. नाव नोंदवायचं आणि हॉलमध्ये बसून राहायचं. ऐनवेळी नावं पुकारतात.

"म्हंजी जागा उरली तरच?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"अन् न्हाई उरली तर?"

"मग नाही."

"मंग आपुन असंच जायाचं."

मी समजावलं, चिडले, रडले. रेल्वे आहे, गाडी आहे, साधी विमानं आहेत. ऐकतील तर शपथ. शेवटी रात्री मला उमगलं. आमच्याकडं बैल घ्यायचा असो की पोरगी द्यायची असो, देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवायची आणि बसायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. बापाला पाणी द्यावं की आईचं कुंकू राखावं, हे अण्णांना ठरवता येत नव्हतं. म्हणून त्यांनी विमानाला कौल लावला होता. देव तरी बरा, तो जागचा हलत नाही.

नवऱ्याची रजा जेमतेम पंधरवड्याची. इटलीचं विमान भरलेलं निघालं, दुसरंही. तिसरं रद्द झालं. तेवढ्यात स्पेनच्या विमानात जागा आहे असं पुकारलं. नवरा म्हणाला, चला, तिथून इटलीला जास्त विमानं जातात. गेलो. तिथं दोन दिवस काढले, इटली नाही. जर्मनीला परत आलो, परत नोंदणी. मग ग्रीसच्या एका बेटावर. आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणत नवरा आम्हांला टॅक्सीत कोंबायचा. एक चर्च, एक किल्ला, एक समुद्र, की पळा परत पुकाऱ्याला. कुठला किल्ला कुठल्या देशातला ते मला आजही सांगता येणार नाही. लोक आयुष्यभर पैसे साठवून युरोप बघतात आणि आम्ही तो एस.टी.च्या खिडकीतून बघावा तसा बघितला. अण्णा तर बघतच नव्हते. मी काय दाखवते तिकडं मान हलवायची आणि पिशवी चाचपायची. पिशवीत तांब्या आणि पुरचुंडीत काळे तीळ होते.

एस.टी.वरून आठवलं. पहिल्याच दिवशी अण्णांनी काउंटरपुढं टोपी, टॉवेल आणि ती पिशवी ठेवली आणि लांब येऊन खुर्चीत बसले. जामखेडच्या स्टँडवर असंच करतात, टॉवेल टाकला की जागा आपली. इथं बेवारस पिशवी बघून दोन बंदूकधारी धावत आले आणि हॉल रिकामा करायला लागले. नवऱ्यानं हातापाया पडून मिटवलं. सगळं निस्तरल्यावर अण्णा त्या धिप्पाड शिपायाला मराठीत म्हणाले, "नंबर लावला हुता बाबा, चोरी न्हाई केली." शिपाई हसला. त्या प्रवासात आम्ही हसलो ते तेवढंच.

विमानात खिडकीच नाही म्हणावी. भिंतीला पाठ लावून जाळीच्या बाकांवर बसायचं, मधोमध साखळदंडांनी बांधलेली खोकी. कानात बोळे घालायचे, कारण आवाजानं डोकं फुटतं. थंडी मरणाची. अण्णा घोंगडी पांघरून, टोपी कानावर ओढून बसायचे. एकदा त्यांनी माझ्या कानातला बोळा काढला आणि ओरडून विचारलं, "ते गेले तवा असंच गेले आसतील का?"

"ते बोटीनं गेले, अण्णा."

"संगं कोन हुतं त्यांच्या?"

मला काय माहीत? मी म्हणाले, गावाकडची पुष्कळ पोरं होती. त्यांनी मान हलवली आणि बोळा परत माझ्या कानात घातला, लहानपणी दुखऱ्या कानात कापूस घालायचे तसा. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

दर वेळी इटलीची नावं वाचली जायची आणि आमचं यायचं नाही, तेव्हा मी अण्णांच्या तोंडाकडं बघायचे. सुटल्यासारखं वाटत होतं की बुडाल्यासारखं, कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं. जेवण तुटलं होतं. नवरा शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, उद्या नाही मिळालं तर मी तिकिटं काढतो, ते काहीही म्हणोत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बेटावरून इटलीला जाणाऱ्या विमानात जागा निघाल्या. आमची तिघांची नावं पुकारली. अण्णा उठले ते परत खाली बसले. पिशवी छातीशी धरली. "दिला कौल," एवढंच म्हणाले.

ते ठिकाण डोंगराच्या पायथ्याला. कापलेलं गवत, गोऱ्या सैनिकांच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा, आणि मधोमध पाणी भरलेला हौद. त्याच्या बाजूला पुरुषभर उंचीच्या हिरवट दगडी भिंती. नावंच नावं. पलटणीवार. मराठ्यांची पलटण सापडली. आमच्याकडच्या आडनावांची ओळच्या ओळ. जणू गावाची चावडी भरली होती. आजोबांचं नाव कमरेच्या उंचीवर होतं. मी वाचून दाखवलं. अण्णांना इंग्रजी येत नाही. ते खाली बसले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत बोट फिरवलं. मग परत पहिल्यापासून.

मी तांब्या भरून आणला. तीळ सोडले. त्यांना दक्षिणेला तोंड करून उभं केलं आणि ओंजळीत पाणी घातलं. "अण्णा, नाव घ्या आणि सोडा."

ते उभे राहिले. ओठ हलत होते. पाणी बोटांतून गळत होतं, मी परत घालत होते. असं किती वेळ चाललं कोण जाणे. तांब्या संपला. त्यांनी हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "ह्ये आपले न्हाईत."

माझं टाळकंच सरकलं. "नाही कसे? नाव तेच, गाव तेच. आजीचं नाव आहे नोंदीत."

"एका नावाची धा मान्सं आसत्यात."

"अण्णा, कौल लावला होता ना तुम्ही? मिळाला ना?"

"मिळाला की. त्यो बापाचा मिळाला. आईला कुटं इचारलं मी?" त्यांनी टोपी झटकून घातली. "मी पानी सोडलं की ती रांडाव झाली. तिनं खडी फोडली गं पोरी. चल."

गाडीत मागच्या सीटवर ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ऐंशी वर्षांचा माणूस, आणि पोरक्या पोरागत हुंदके देत होता. "घावला हुता गं मला. घावला हुता." नवऱ्यानं गाडी रस्त्याकडंला घेतली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

अण्णा त्यानंतर गावी परतले आणि वर्षाच्या आत गेले. झोपेतच. मी पोचेपर्यंत भावकीनं दहन उरकलं होतं, पण क्रियेला मी स्वतः बसले. पोरीनं बसायचं का, यावर कुजबूज झाली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

बाराव्या दिवशी गेलेल्या माणसाचा पिंड त्याच्या वाडवडिलांच्या पिंडांत मिसळतात. बाप, आजा, पणजा. मग तो त्यांच्यात जाऊन बसतो. गुरुजींनी तीन छोटे पिंड मांडायला घेतले आणि विचारलं, "यांचे वडील?"

भिंतीला टेकून माझी चुलती बसली होती. अण्णांच्या चुलतभावाची बायको, आजीच्या हाताखाली नांदलेली. आजीच्या हातात शेवटचा चुडा तिनंच भरला होता. तीच म्हणाली, "त्यांचं न्हाई घ्यायाचं, गुरुजी. म्हातारी सवाष्ण गेली."

"मग हयात धरतो," गुरुजी म्हणाले. "यांना वरच्या पिढ्यांत मिसळू." आणि त्यांनी एक पिंड बाजूला सारला.

तो बाजूला सारलेला भाताचा गोळा बघून माझा जीव तुटला. जन्मभर बापाविना राहिला हा माणूस. आईसाठी राहिला. आता मेल्यावरही बाप सोडून बाकीच्यांत जाऊन बसायचं?

"थांबा," मी म्हणाले. "ते वारलेत. इटलीत." मी आजोबांचं नाव घेतलं, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, चुलतीकडं बघितलं, आणि तो पिंड परत जागेवर ठेवून अण्णांच्या पिंडाचा पहिला भाग त्यात मळला.

चुलतीनं पदर तोंडाशी नेला आणि गळा काढला. अण्णांसाठी ती पहिल्याच दिवशी रडून मोकळी झाली होती. हे रडणं माझ्या आजीसाठी होतं.