मावशीची पाचवी छत्री

माझी मावशी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला बाहेर पडायचं, उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या माणसाच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळी भरायची, नळीवरच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि दहाच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. बावीस वर्षं हेच. ज्यांची शीर दवाखान्यात तीनतीनदा टोचूनही मिळत नाही, ते मावशीसाठी थांबतात. ती डोळे मिटून कोपराच्या खळग्यात बोट फिरवते आणि म्हणते, "ही काय, इथे लपून बसलीय."

हातात इतकी खात्री असलेली ही बाई एका छत्रीपायी पंधरा दिवस भांबावून गेली होती. मी तेव्हा नोकरीमुळे तिच्याकडेच राहत होते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

त्या वर्षी हवा अशी बिघडली होती की पाऊस वरून पडतो हेच आम्ही विसरलो. तो समोरून यायचा, बाजूने यायचा, पुलावर तर खालून यायचा. दोन महिन्यांत मावशीच्या तीन छत्र्या मोडल्या. चौथी पुलाच्या मधोमध उलटी झाली. ती सावरताना नळ्यांचा डबा हातातून निसटला, झाकण उघडलं आणि आत पाणी गेलं. लॅबमध्ये पोचून बघते तर दोन चिठ्ठ्यांवर नावाच्या जागी नुसता निळा डाग.

"अंदाजाने नको," लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांचं पुन्हा घ्या."

दोघांपैकी एक रिक्षावाला होता, त्याने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या होत्या मावशीला लहानपणी गणित शिकवलेल्या बाई. वय ऐंशीच्या पुढे, हात काडीसारखे. त्यांनी एक शब्द न बोलता दुसरा हात पुढे केला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशी घरी येऊन म्हणाली. मग ओलं पातळ न बदलताच बसून राहिली आणि थोड्या वेळाने तिने जाहीर केलं, "आता छत्री घ्यायची तर एकदाच. पुन्हा घ्यायला लागता कामा नये."

काका, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. त्याने मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "कापड बघ. वीण घट्ट हवी. शिवण दुहेरी हवी. बाकी सगळा देखावा असतो."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन बघा. जड छत्रीने खांदा धरेल. छोटी घडीची घ्या, पर्समध्ये राहते."

मावशीने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या आणि रविवारी मला घेऊन दुकानात गेली. दुकानदार सज्जन माणूस होता, तिथेच चुकलं. त्याने काउंटरवर अकरा छत्र्या मांडल्या.

"ही आठ काड्यांची. ही दहा. ही सोळा."

"सोळा चांगल्या ना?" मावशीने विचारलं.

"काड्या जास्त तर ताण वाटला जातो. पण वजनही वाढतं. आणि जितक्या काड्या तितके सांधे."

"म्हणजे आठ चांगल्या?"

"आठच, पण फायबरच्या असतील तर. लोखंडी वाकते. फायबरची वाकते आणि परत येते."

"मग सोळा फायबरच्या?"

"त्याही आहेत," असं म्हणून त्याने बारावी काढली. मग दुहेरी कापडाची काढली, जिच्या वरच्या थरातून वारा निघून जातो. मग खटका दाबला की उघडणारी. खटका बिघडतो का, तर बिघडतो. खटक्याशिवायची एका हाताने उघडते का, तर नाही. मावशीचा एक हात कायम डब्याला लागलेला. तिने प्रत्येक छत्रीचं कापड काकाने सांगितल्याप्रमाणे उजेडाकडे धरलं, प्रत्येकीचं वजन हातात तोललं, आणि जिचं कापड घट्ट ती जड, जी हलकी ती विरळ, असं निघत गेलं. तासाभराने तिने माझ्याकडे बघितलं. मी दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार पाणी प्यायला आत गेला.

आम्ही हात हलवत परत आलो.

त्यानंतर मावशीला दुसरं काही दिसेना. रस्त्याने चालताना ती माणसांकडे न बघता त्यांच्या डोक्यावर बघायची. बसथांब्यावर एका अनोळखी बाईला तिने विचारलं, "ही किती वर्षं टिकली हो?" ती म्हणाली, "माझी नाही, जावेची आहे." मावशीने एका वहीत दोन रकाने केले, घडीची आणि लांब. चार दिवसांनी रकाने भरून गेले आणि दोन्हीकडे तेच लिहिलेलं निघालं. "मला आता उलटं जास्त गोंधळल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "आधी निदान काही माहीत नव्हतं."

शेवटी मीच म्हटलं, ज्याच्याकडे मोडलेल्या येतात त्याला विचारू. बाजारामागच्या जिन्याखाली एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसायचा. मावशीने चारही मोडक्या छत्र्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "यातली कमी वाईट कोणती, ते सांगा. तसलीच घेते."

त्याने एकेक उघडली, फिरवली, काड्यांवरून बोट नेलं. मावशी शीर शोधताना नेते अगदी तसं. मग चारही शेजारी शेजारी मांडल्या.

"या चार जणींच्या आहेत?"

"चारही माझ्याच."

"चारही एकाच अंगाला मोडल्यात. मुठीच्या उजवीकडे, पुढच्या तीन काड्या. छत्री वेगळी, कंपनी वेगळी, मोड एकच. ताई, तुम्ही धरता कशी?"

मावशीने एक छत्री उचलली. उजव्या हातात डबा, डाव्या हातात छत्री, आणि ती चार पावलं चालून दाखवायला गेली. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. छत्री तिच्या डोक्यावर नव्हतीच. ती उजवीकडे कलती होऊन डब्यावर होती. मावशीचा डावा खांदा आणि अर्धी पाठ उघडी.

"वारा हिच्या पोटात शिरणारच," म्हातारा म्हणाला. "छत्री सरळ धरा, कुठलीही टिकेल."

"मग या छत्र्या वाईट नव्हत्या?"

"ही एक सुमार होती. बाकी चांगल्या."

मावशी पायरीवर बसली. पंधरा दिवस तिने कापड, काड्या, खटके यांचा अभ्यास केला होता, आणि आधीच्या छत्र्या विकणाऱ्या दुकानदारांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. "मला वाटायचं मी नीट धरते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी घरातल्या अरुंद बोळात ती डबा घेऊन, म्हाताऱ्याने नीट करून दिलेली एक छत्री सरळ धरून फेऱ्या मारत होती. तिसऱ्या फेरीला छत्री आपसूक उजवीकडे कलायची. काका मशीन थांबवून बघत होता. "हाताला सांगतेय मी," ती म्हणाली, "पण हात ऐकत नाही."

काकाने दुसऱ्या दिवशी डब्याला जाड रेनकोटच्या कापडाचं आवरण शिवून दिलं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं. मावशीने ते वापरायला घेतलं, आणि त्या आवरणावरही छत्री धरून ती कामाला गेली.

मग पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच दुकानात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "तुमचा टेबलफॅन जरा खाली ठेवता का?" त्याला वाटलं बाईंना उकडतंय. मावशीने पंखा जमिनीवर ठेवून पुरा सोडायला लावला, डबा उजव्या हातात घेतला, छत्री तिच्या नेहमीच्या कलाने पंख्याच्या तोंडावर धरली. पहिली उलटी झाली ती झालीच. दुसरीची काडी कडकन वाजली, ती दुकानदाराने घाईने काढून घेतली. तिसरी, आठ फायबरच्या काड्यांची, दुहेरी कापडाची, लांब दांड्याची, फुगली, थरथरली, उलटी झाली आणि मावशीने जरा झटका देताच आपणहून सुलटी झाली.

"हीच," मावशी म्हणाली.

दुकानाबाहेर पडल्यावर तिने मला विचारलं, "सोळा काड्यांची एकदा बघायला हवी होती का गं?"

त्याला आता तीन वर्षं झाली. लॅबने चिठ्ठ्या बदलल्यात, नव्या चिठ्ठ्या पाण्यात बुडवल्या तरी अक्षर पुसत नाही. म्हणजे आता डब्यावर ना आवरण लागतं, ना छत्री. मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली आणि म्हणाली, "ते कळतं गं मला."

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. बाहेर धो धो चाललं होतं. ती दारात आली, डावी बाही पिळून काढण्याइतकी ओली. काकाने टॉवेल पुढे केला.

"छत्री नेली नव्हतीस?"

"नेली होती की," ती म्हणाली, आणि डबा कोरडा आहे ना ते आधी बघितलं.