मामांची म्हैस, माझा शोधनिबंध

आमच्या मानसशास्त्र विभागाचे शिपाई गेले, त्याला आता दोन महिने होतील. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. वाटूरजवळच्या खेड्यातून ते रोज एसटीने जालन्याला येत. माणूस आणि जनावर यांचं नातं, आणि नोकरीच्या जागचं मानसिक आरोग्य, हे माझ्या संशोधनाचे विषय. ज्या शोधनिबंधाने माझं थोडं नाव झालं, त्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळते आहे.

त्याची सुरुवात झाली त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मामा सकाळीच दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, म्हैस गेली पहाटं. अर्ध्या दिवसाची सुट्टी पाह्यजे."

"आज? बाहेरचे परीक्षक येणार आहेत, मामा. तुम्हाला काही कळतं की नाही?"

हे मी मोठ्याने म्हणाले. व्हरांड्यात मुलं उभी होती.

मामा सुट्टी न घेता कामावर थांबले. दुपारी चहाच्या वेळी मात्र मीच त्यांना समोर बसवलं, वही उघडली आणि म्हशीबद्दल विचारत गेले.

"लिहून घेऊन राह्यल्या का, मॅडम?"

"बोला तुम्ही. छान बोलताय."

"काय बोलू? हापिसात कोणी टोचून बोललं की घरी गेल्यावर तिला सांगायचो, धार काढता काढता. बायकोला न्हाई सांगितलं कधी."

हे शेवटचं वाक्य मी परिषदेत शोधनिबंध मांडताना वाचून दाखवलं. सभागृह हसलं. मीही हसले. टोचून कोण बोलायचं, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मामा गेल्यावर पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मामींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मामांना म्हशीचा फार लळा होता."

"लळा? येडेच व्हते. तिच्यापशी बसून बोलायचे. मी चुलीपुढून ऐकायचे. मॅडम आज असं म्हणल्या, मॅडम तसं म्हणल्या. मला वाटायचं, म्हैस बी कटाळली असंल तुम्हाला."

त्या हसल्या, मग एकदम थांबल्या.

"ती गेल्यापून घरी गप्पच राहायचे," त्या म्हणाल्या. आणि पदर सावरत, "पण मॅडम मनाच्या चांगल्या हायेत, म्हणायचे."

हे खरंच मामा म्हणायचे, की दारी आलेल्या बाईला वाईट वाटू नये म्हणून मामींनी जोडलं, ते मी विचारलं नाही.