खाली चाललात, काकू?

आईच्या लेखी क्राउडफंडिंग वगैरे काही नसतं, वर्गणी असते. "आमच्याकडे पुस्तकाची वर्गणी चालूये," असं तिने नवघरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून टाकलं आणि मी तिच्यावर खेकसलो. वर्गणी गणपतीला काढतात, फार तर कोणाच्या ऑपरेशनला. आम्ही तिघे मित्र मिळून कॉमिक काढत होतो, तेही मरणावरच्या काळ्या विनोदाचं. प्रकाशक त्याला हात लावेनात, म्हणून एका वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागत होतो. मुदतीत रक्कम पूर्ण झाली नाही तर जमलेलं सगळं ज्याचं त्याला परत, असा तिथला नियम. जास्त पैसे देणाऱ्यांसाठी आम्ही खास बक्षीस ठेवलं होतं: तुमचं चित्र काढून तुम्हाला पुस्तकात मारून दाखवू. ही कल्पना आम्हाला भयंकर हुशारीची वाटत होती.

मुदत संपत आली तरी रक्कम काही पुरी होईना. अशात एका संध्याकाळी समोरच्या दारातले काका आले. कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे रायगडकडचे, गुडघ्यांनी बेजार. हातात लग्नात देतात तसलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट. "तुझी आई म्हणाली, जास्त दिले तर पुस्तकात चित्र काढतात. माझं थोबाड कशाला छापतोस? हिचं काढ," असं म्हणून त्यांनी काकूंचा फोटो पुढे केला.

काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांना लिफ्टची भीती वाटायची. एकट्या म्हणून कधी चढायच्या नाहीत. भाजीची पिशवी घेऊन खाली उभ्या राहायच्या आणि मी दिसलो की, "वर चाललायस ना रे?" मी फोनवर बोलत असलो तर मनातून वैतागायचो, पण त्यांच्यासाठी दार धरून थांबायचो.

फोटो हातात घेतला तिथेच बोलायला हवं होतं. काका, हे तसलं पुस्तक नाही, यात माणसांना मारतात, लोकांना हसवण्यासाठी. एवढंच सांगायचं होतं. पण पाकीट जाड होतं आणि मी ते मनातल्या मनात आमच्या आकड्यात मिळवून मोकळासुद्धा झालो होतो. "हो काका, काढतो ना," मी म्हणालो. त्या लाडिक 'ना'ची मला अजून लाज वाटते.

मित्रांना फोटो दाखवला तर एक जण म्हणाला, "अरे, आधीच गेलेल्या बाईला मारायचं कसं?" आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात जास्त मीच. मग म्हणालो, थांबा, माझ्याकडे एक किस्सा आहे.

किस्सा काकूंच्या शेवटच्या दिवसाचा. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. आमच्या बिल्डिंगचा जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, आणि लिफ्ट कपाटाएवढी. त्यामुळे आमच्याकडे गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून खाली नेतात. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं. लिफ्टमध्ये खुर्ची आणि एक माणूस मावेल, एवढीच जागा. काका मला म्हणाले, "तू हो तिच्याबरोबर, मी जिन्याने येतो." काकूंचं डोकं पोटाशी धरून मी उभा राहिलो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. दारात तिथले शेठ, हातात कचऱ्याची पिशवी. त्यांनी पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. दार बंद झालं, आम्ही खाली आलो.

पुस्तकात मी शेठना हात जोडू दिले नाहीत. पुस्तकात ते विचारतात, "खाली चाललात, काकू?" उत्तर येत नाही. शेवटच्या चौकटीत ते पुटपुटतात, "हल्ली फारच भाव खातात." मित्रांना ते पान जाम आवडलं. वेबसाइटवर नमुना म्हणून तेच टाकलं, लोकांनी ते इकडून तिकडे पाठवलं आणि रक्कम पूर्ण झाली. आमचं पुस्तक काकूंमुळे निघालं.

छापलेले गठ्ठे घरी आले तसे मी ते पलंगाखाली सरकवले. काका भेटले की विचारायचे, "आलं का रे पुस्तक?" मी म्हणायचो, प्रेसमध्ये अडकलंय. कधी बाइंडिंगवाल्याच्या नावाने खडे फोडायचो. लिफ्टचा आवाज ऐकून ते दार उघडतात, हे लक्षात आल्यावर मी चपला हातात घेऊन तीन मजले जिन्याने चढायला लागलो. स्वतःच्याच घरी चोरासारखा.

एक दिवस ऑफिसातून आलो तर आई खुशीत. "केर काढताना सापडले गठ्ठे. काकांना देऊन आले एक. वर पेढाही दिला. तू बसतोस विसरून." तिने स्वतः पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. परत खाली उतरून कुठेतरी निघून जावं, असंच पहिल्यांदा मनात आलं.

काकांचं दार उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, चष्मा नाकावर, पेढा तसाच बशीत. मांडीवर काकूंचं पान.

"काका, हे म्हणजे विनोदाचा एक प्रकार..." मी सुरुवात केली. त्यांनी हातानेच थांबवलं.

"दुसऱ्यावर थांबली होती का रे लिफ्ट?"

"हो."

"मला कोणी बोललंच नाही. मी जिन्यात होतो ना." मग त्यांनी विचारलं, "शेठ असं बोलले तिला?"

"नाही, काका. त्यांनी हात जोडले. हे मी घातलंय."

त्यांनी मान हलवली. ते चिडले असते, पुस्तक अंगावर फेकलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. ते पुन्हा पानाकडे वळले. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत बोट फिरवलं, मग परत पहिल्यापासून. काहीतरी हरवल्यासारखं शोधत होते.

"तू होतास ना तिच्याबरोबर?"

"होतो, काका."

"मग यात कुठायस तू? यात ती एकटीच आहे रे लिफ्टमध्ये."