उन्हात घातलेले पट

हाफिजा घुंगरं ओवायची. कोल्हापुरातल्या नाचणाऱ्या बायका सुटी घुंगरं तिच्याकडे आणून टाकत आणि ती सुती दोरीत गाठी मारत त्यांचे चाळ बांधून देई. स्वभावानं भारी भित्री. विहिरीत डोकावायची नाही, वीज कडाडली की कानात बोटं घालून कोपऱ्यात बसायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बाप शमशुद्दीन वारला, त्याच्यामागं तिच्याकडे राहिले ते त्याचे पट.

शमशुद्दीन बैठकीत तबला वाजवी आणि एरवी कापडावर छपाई करी. नाचणारी मेली की तिचा नाचही तिच्याबरोबर मातीत जातो, हे त्यानं किती वेळा बघितलं होतं. म्हणून त्यानं जाड मांजरपाटावर काळ्या रंगात एकेकीचा नाच काढून ठेवला. पाऊल कुठं पडतं, कंबर कशी लचकते, मान कुठल्या मात्रेला वळते, सगळं.

शाहू महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. शहरात प्लेग शिरला. हाफिजाच्या गल्लीत आधी उंदीर पडले, मग भिंतीपलीकडचा शेजारी गेला. सकाळी दवंडी झाली : घरं सोडा, माळावरच्या झोपड्यांत चला, कापडचोपड इथंच टाका, ते जाळायचं आहे.

हाफिजा पटांच्या गाठोड्यापुढं बसून राहिली. टाकून जावं तर बापाची सगळी मेहनत राख. न्यावं तर प्लेग सोबत येणार. शेवटी तिनं पट पोटाला गुंडाळले आणि वरून लुगडं नेसली.

नाक्यावर बायकांची झडती घ्यायला धोंडुबाई नावाची सुईण उभी होती. तिनं हाफिजाच्या पोटावर हात ठेवला.

"पोटुशी हायस व्हय गं?"

हाफिजानं पदर पोटावर ओढला. "व्हय."

"कितवा म्हयना?"

"सा... सातवा."

"मग उन्हाची उभी ऱ्हाऊ नगंस. हो फुडं."

झोपडीत तिनं पट गवताखाली दडवले. शेजारच्या झोपडीत चिमणाबाई होती, एके काळची नावाजलेली नाचणारी, आता गुडघ्यांनी थकलेली. आठवडा झाला नसेल तोच चिमणाबाईला सडकून ताप भरला.

हाफिजाचं अन्न सुटलं. कण्हण्याचा आवाज आला की तिला वाटे, हे मीच आणलं. गाठ आली का म्हणून ती आपल्याच काखा चाचपून बघे. पट गुपचूप जाळावेत म्हणून दोनदा चुलीपाशी नेले आणि दोन्ही वेळा हात मागं आला.

तिसऱ्या दिवशी चिमणाबाईला बघायला धोंडुबाई आली आणि दारातल्या हाफिजाकडे बघतच राहिली.

"का गं, पोट कुठं गेलं तुजं?"

हाफिजा दारातच खाली बसली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. धोंडुबाई चार पावलं मागं सरली.

"आगं, मानसं मारशील की! काढ भायेर, जाळून टाकू."

"मावशी, मला जाळा, पर ते नगा जाळू. चिमणामावशीचा नाच हाय त्यात. आनी कुटंच न्हाय तो."

धोंडुबाई चिडलेलीच होती, तरी तिनं माळावरच्या डॉक्टरला विचारलं. पट वस्तीपासून लांब, कडक उन्हात टांगा, कुणी शिवायचं नाही, असं त्यानं सांगितलं. हाफिजानंच बाभळींना दोर बांधले आणि एकेक पट उलगडून घातला.

माळावरची माणसं लांब उभी राहून बघू लागली. उद्योग नव्हता, मन रमवायला दुसरं काही नव्हतं. बायका तिथूनच पटातली पावलं टाकून बघायच्या, चुकायच्या, आणि त्या मरणाच्या दिवसांतही हसायच्या. हाफिजा मात्र दोरापासून लोकांना हाकलत, घसा फाटेस्तोवर ओरडत फिरायची.

चिमणाबाईला गाठ आलीच नाही. हिवताप निघाला, तो उतरला. काठी टेकत ती आली आणि एका पटापुढं थांबली.

"ही मी न्हवं. ही माजी थोरली भन. हिला बघून मी शिकले. शमशुद्दीननं कवा काडली म्हनायची ही?" आणि डोळे न पुसता तिनं त्या चित्रातल्या हाताची चूक दाखवली.

पण त्याच महिन्यात त्या माळावर एक माणूस प्लेगनं गेला. तो रोज पट बघायला यायचा. आजार त्यानं कुठून घेतला, हे कुणालाच सांगता आलं नाही. धोंडुबाई म्हणाली, "तो शहरात चोरून जात हुता." हाफिजाला ते पटलं नाही, कधीच पटलं नाही.

प्लेग ओसरल्यावर तिनं घराचा पुढचा सोपा पटांसाठी मोकळा केला. कागल, पेठ वडगावकडून नाचणाऱ्या पोरी बघायला येत आणि शिकून जात. दार कुणालाही बंद नसे. फक्त आलेल्याला ती आधी हातपाय धुवायला लावी आणि कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघी. स्वतः ती सोप्यात कधी झोपली नाही. उन्हाळा आला की सगळे पट बाहेर काढून उन्हात घाली आणि कुणी शिवू नये म्हणून ऊन उतरेपर्यंत दोराजवळ उभी राही.